देवाच्या दारातलं तिकीट

मॉन्ट्रियलला निघालेल्या माणसाला माझा पहिला सल्ला चिल्लरीचा असतो. तिथल्या सिटी बसला कंडक्टर नाही. ड्रायव्हरशेजारी एक पेटी असते, तीत नाणी टाकायची. नोट चालत नाही आणि जास्तीचे पैसे परत मिळत नाहीत. त्यापेक्षा मेट्रो स्टेशनवरच्या मशीनमधून पास काढून खिशात ठेवावा. विमानतळावरून शहरात यायला ७४७ नंबरची बस रात्रंदिवस चालते. तिचं तिकीट पुढचे चोवीस तास शहरातल्या बाकीच्या बसना आणि मेट्रोलाही चालतं, म्हणून उतरल्या उतरल्या ते फेकून देऊ नये. पासष्टी उलटलेल्यांना २०२३पासून प्रवास फुकट आहे, पण तो तिथल्या रहिवाशांना. पाहुण्या म्हाताऱ्यानं तिकीट काढायचं.

माझी हयात एसटीत गेली. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक, सगळी नोकरी सोलापूर विभागात आणि त्यातली बरीचशी पंढरपूर आगारात. आषाढीला यात्रा बसस्थानकावर ड्युटी ठरलेली. त्यामुळे कुठल्याही गावात गेलो की मी आधी तिकीट बघतो: कोण देतं, कोण काढतं, कुणाला माफ आहे. मुलगी आणि जावई मॉन्ट्रियलला असतात म्हणून आम्ही दोघं एका उन्हाळ्यात तिकडे राहून आलो. तेव्हापासून ओळखीपाळखीतले, ज्यांची मुलं तिकडे शिकायला निघालीत ते, 'काय काय बघायचं' म्हणून विचारायला येतात. मी सांगतो. पण सांगता सांगता बोलणं दर वेळी एकाच जागी येऊन अडतं. देवाच्या दारात तिकीट असावं का, आणि असलंच तर ते कुणाकडून घ्यावं?

तिथवर पोचायच्या आधी कामाच्या गोष्टी उरकतो. दुकानात शिरलात, बसमध्ये चढलात, लिफ्टमध्ये कुणी भेटलं, तर आधी 'बोंजूर' म्हणा आणि मगच इंग्रजी काढा. नुसत्या इंग्रजीनं सुरुवात केलेली तिथे टोचते. १९७७ सालच्या भाषा कायद्यापासून शहराच्या पाट्या फ्रेंच आहेत, आणि लोक आपल्या भाषेला जपतात ते पाहून मला तरी बरं वाटलं. शाकाहाऱ्यांनी 'पुतीन' खाण्यापूर्वी विचारावं. बटाट्याचे तळलेले काप, वर चीजचे खडे आणि तपकिरी रस्सा, असा तो पदार्थ. रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाचा असतो, पण शाकाहारी करून देणारे आहेत. भाजीला जाँ-तालों मंडई गाठावी. कढीपत्ता, ज्वारीचं पीठ असलं काही हवं असेल तर पार्क एक्स्टेन्शन भागात जावं. जुलैच्या सुमारास जॅझचा महोत्सव असतो, त्यातले रस्त्यावरचे कार्यक्रम फुकट. थंडीतलं मला विचारू नका, मी उन्हाळ्यातला माणूस.

आता दाराकडे येतो.

जुन्या मॉन्ट्रियलमध्ये प्लास द'आर्म नावाच्या चौकात नोत्र-दाम बॅसिलिका आहे. १८२४ ते १८२९ या काळात बांधलेली, दोन मनोरे नंतर चढवलेले. बाहेरून करडा दगड, अगदी कोरडा. आत पाऊल टाकलं की छत निळं आणि त्यावर सोनेरी तारे, समोर लाकडात कोरलेली अख्खी भिंत. हे सगळं ज्यानं आखलं तो जेम्स ओ'डॉनेल न्यूयॉर्कहून बोलावलेला आयरिश माणूस, आणि तो प्रोटेस्टंट होता. कॅथलिकांनी आपलं मोठं देऊळ परक्या पंथाच्या माणसाकडून बांधून घेतलं. मरणाच्या आधी तो कॅथलिक झाला आणि त्याच इमारतीच्या पोटात त्याला पुरलं.

या बॅसिलिकेच्या दारात तिकीट आहे. आम्ही गेलो तेव्हा पंधरा-सोळा डॉलर होतं. पण ते बघायला येणाऱ्यांना. मासला, म्हणजे त्यांच्या उपासनेला, येणाऱ्यांना काही पडत नाही. उपासनेची वेळ असली की दार मोकळं. फक्त तेव्हा फोटो काढत हिंडायचं नाही, बाकावर बसायचं.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. शिर्डीला किंवा त्र्यंबकेश्वराला दोनशे रुपयांचा पास काढला की रांग आखूड होते. हा पास काढतो कोण? भाविकच. देव न मानणारा कशाला पैसे भरून गाभाऱ्याकडे धावेल? म्हणजे आपण श्रद्धा असलेल्याकडून पैसे घेतो आणि नसलेला आवारात फुकट फिरून, नक्षीकाम बघून, चहा पिऊन परत जातो. तिथे श्रद्धावाला फुकट आत जातो आणि नुसता बघ्या पैसे भरतो. हिशेबाच्या नजरेनं मला तिथली रीत सरळ वाटली. बघण्याचे पैसे घ्या, भेटीचे घेऊ नका. संस्थानांना खर्च असतो हे मी जाणतो. शिर्डीच्या प्रसादालयात मी फुकट जेवलोय. तरीही, रांगेची लांबी विकणं आणि देवाची भेट विकणं यांत फारसं अंतर नाही, असं रांगा लावण्यात उमेद घालवलेला माणूस म्हणून माझं मत आहे.

पण ही सरळ रीत आमच्या सौ.नं पहिल्याच भेटीत मोडून टाकली. आम्ही आडवारी तिकीट काढून गेलो. दारात तिचा पहिला प्रश्न, चपला कुठे काढायच्या? काढायच्या नसतात म्हटल्यावर ती जरा चुळबुळली. मग आत एका बाजूला मेरीच्या मूर्तीपाशी गेली, हात जोडले, आणि बाकावर डोळे मिटून बसली ती बसलीच. आजूबाजूला माणसं माना वर करून तारे बघत होती. हिनं छताकडे पाहिलंही नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "माय आहे, कडेवर लेकरू आहे. मला तेवढं पुरलं."

पुढच्या रविवारी मी एकटाच मासला गेलो. फुकट. फ्रेंच मला कळत नाही. १८९१ सालचा तो प्रचंड ऑर्गन, सुमारे सात हजार नळ्यांचा, वाजायला लागला तेव्हा पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. बाकी पूर्ण वेळ मी छत बघितलं, आणि खिडक्यांच्या रंगीत काचा. खालच्या काचांवर बायबलातल्या गोष्टी नाहीत, मॉन्ट्रियल शहर कसं वसलं त्याचे प्रसंग आहेत. मी ते एकेक लावत बसलो. थोडक्यात, तिनं बघण्याचं तिकीट काढून दर्शन घेतलं, आणि मी दर्शनाच्या वेळेत फुकट बघून आलो. एसटीच्या नियमानं तिला परतावा द्यायला हवा आणि मला दंड.

तेव्हापासून मी या गोष्टीचा विचार करतोय. दारावर उभ्या असलेल्या माणसाला आतला भाव दिसत नाही. त्याला बाहेरचंच काहीतरी धरावं लागतं. नोत्र-दामचा माणूस घड्याळ बघतो. या वेळेला आलास म्हणजे तू बघ्या, त्या वेळेला आलास म्हणजे भाविक. ते चुकणारच, पण त्याच्याकडे दुसरं माप नाही. आणि बाहेरच्या मापांत घड्याळ हे सर्वांत निरुपद्रवी माप आहे हेही खरं. पंढरपुरात माझ्या जन्माच्या थोडं आधीपर्यंत जात हे माप होतं. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा विठ्ठलमंदिराचं दार दलितांना उघडलं. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराच्या बाहेर आहे. ज्याच्या अभंगांवर आतले लोक डोलत होते तो स्वतः बाहेर. त्याच्यापुढे पैशाचं तिकीट मला सोज्वळ वाटतं, कारण ते निदान काढता येतं. जात काढता येत नाही.

मॉन्ट्रियल हे गाव मुळात देवासाठीच वसवलेलं. १६४२ साली मेझोनव्ह आणि झान मांस ही मंडळी बोटीतून आली ती धर्मप्रसाराची वसाहत करायला, आणि गावाचं नाव ठेवलं व्हिल-मारी, मेरीचं गाव. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांना त्याबद्दल काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात नदीला पूर आला. पूर ओसरला तर डोंगरावर क्रूस नेईन असं मेझोनव्ह बोलला, आणि १६४३च्या जानेवारीत त्यानं तो वर नेऊन उभा केला. नवस बोलायचा आणि फेडायचा, इतकं ओळखीचं. आज माउंट रॉयलवर दिसतो तो लोखंडी क्रूस १९२४चा, एकतीस मीटरचा, रात्री दिव्यांनी उजळतो. डोंगर म्हटलं तरी उंची २३३ मीटरच. गुडघे बरे असतील तर चालत चढा, नसतील तर ११ नंबरची बस वर नेते.

पुढची तीनशे वर्षं शाळा चर्चच्या, दवाखाने चर्चचे, लग्न-बारसं-मयत सगळं चर्चच्या वहीत. १९६०नंतर दहा-पंधरा वर्षांत लोकांनी ही सत्ता झटकून टाकली. रक्त न सांडता झालं, म्हणून त्याला शांत क्रांती म्हणतात. १९६४ला शिक्षणाचं सरकारी खातं आलं, नर्सिंग आणि मास्तरकी करणाऱ्या नन्सच्या जागी पगारी माणसं आली, आणि रविवारी बाकं रिकामी पडू लागली. आता तुम्ही फिराल तेव्हा हे दिसेल. विद्यापीठाच्या एका इमारतीला जुन्या सेंट जेम्स चर्चचा मनोरा तसाच चिकटवून ठेवलाय, त्याच्या पोटात वर्ग भरतात. शेरब्रूक रस्त्यावरचं एक चर्च कलासंग्रहालयानं घेतलं आणि २०११पासून तिथे संगीताच्या मैफली होतात. त्या मैफलीला मात्र तिकीट सगळ्यांनाच. २४ जूनचा सेंट जॉनचा सण कायद्यानं क्युबेक प्रांताचा राष्ट्रीय दिन झाला. संत मागे राहिला, सुट्टी पुढे आली. आणि लोक संतापले की ज्या शिव्या देतात त्या चर्चमधल्या भांड्याकुंड्यांच्या, हे जावयानं मला सांगितलं तेव्हा मी बराच वेळ हसलो. ज्यानं एके काळी इतकं छळलं त्यालाच शिवीत घेतात, परक्याला कोण घेतं?

रविवारी दुपारी डोंगराच्या पायथ्याशी, पार्क ॲव्हेन्यूच्या बाजूला कार्तिएच्या पुतळ्यापाशी जा. उन्हाळ्यात दर रविवारी तिथे लोक ढोल घेऊन जमतात. आफ्रिकी ढोल, डबे, काहीही. कुणी म्होरक्या नाही, ठरलेला ताल नाही, कुणाचं नाव घेतलं जात नाही. शेकडो माणसं गवतावर बसून ऐकतात, नाचतात. माझ्या बायकोनं विचारलं, "हे कुणासाठी चाललंय?" कुणासाठीच नाही, असं जावई म्हणाले. तिला ते पटलं नाही. मला अजून ठरवता येत नाही. मी दिंडीत वाढलेला माणूस, ताल चुकला की मला दुखतं. पण जो ताल कुणी चुकतच नाही, कारण तो कुणी धरलेलाच नाही, त्यात दोन तास कसे गेले ते मला कळलं नाही.

चर्च दारातून हटलं आणि सरकार दारात आलं, ही पुढची गोष्ट. २०१९च्या जूनमध्ये क्युबेकनं एकवीस नंबरचा कायदा केला. सरकारी शाळेतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांनी कामावर असताना धर्माची खूण अंगावर घालायची नाही. पगडी नको, हिजाब नको, यहुद्यांची टोपी नको, गळ्यात क्रूस नको. आधीपासून त्याच पदावर असलेल्यांना सूट. त्याच वर्षी जुलैत, १९३६ सालापासून विधानसभेत अध्यक्षांच्या खुर्चीवर टांगलेला क्रूस सरकारनं स्वतः काढून बाजूला ठेवला. हा कायदा पर्यटकाला लागू नाही, तेव्हा मंगळसूत्र, कुंकू, टोपी खुशाल घालून फिरा. बस चालवणाऱ्यांनाही लागू नाही. ते मी आवर्जून विचारून घेतलं.

विचारलं, कारण मी पूर्ण नोकरीत खाकी सदऱ्याच्या आत तुळशीची माळ घातली. आमच्या आगारात दसऱ्याला गाड्यांना हार घालून पूजा व्हायची, स्टेअरिंगला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा. माळेमुळे मी कुणा वारकऱ्याला फुकट नेलं नाही आणि कुणा मुसलमानाला उभं केलं नाही. म्हणून मला तो कायदा आधी अपमान वाटला. माझी माळ माझ्या हिशेबात कधी आली नाही, ती कुणाला कशाला खुपावी? पण तो कायदा हवा असलेल्यांची बाजू जावयांनी समजावली. ज्यांच्या आईला शाळेत नननं मारलं, ज्यांच्या आजीला पाद्र्यानं अजून एक मूल होऊ दे म्हणून दटावलं, त्यांना मास्तराच्या गळ्यातलं काहीही बघून ते आठवतं. हे मला कळतं. तरी नोत्र-दामच्या दारातलाच घोटाळा इथेही आहे. खूण बघून आतला माणूस ओळखायचा. क्रूस न घालणारा पक्षपाती असू शकतो आणि पगडी घातलेली बाई चोख शिकवू शकते. फरक इतकाच की बॅसिलिकेत चुकीच्या ओळखीनं पंधरा डॉलर जातात, इथे नोकरी जाते. आणि आमच्या आगारातल्या पूजेच्या वेळी बाजूला उभा राहणारा एक मुसलमान मेकॅनिक प्रसाद घ्यायचा, हसायचा, पण त्याला काय वाटत असेल हे मी एवढ्या वर्षांत विचारलं नव्हतं. तो प्रश्न मला मॉन्ट्रियलमध्ये पडला.

माइल एंड आणि त्याला लागून उत्रमों, या भागात चाला. सेंट व्हिएतर रस्त्यावर १९५७पासूनचं बेगलचं दुकान आहे, रात्री-अपरात्रीही उघडं. कणकेची कडी मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात, गरमच खावी. याच गल्ल्यांत काळे कोट घातलेले हसिडी यहुदी राहतात. मान वर करून विजेच्या खांबांकडे नीट पाहिलंत तर एक बारीक तार ताणलेली दिसेल, दिसली तर. तिला एरुव म्हणतात. शब्बाथच्या दिवशी घरातली वस्तू बाहेर न्यायची नाही असा त्यांचा नियम आहे. बाळाची गाडीही ढकलता येत नाही. पण भोवती अशी हद्द आखली की आतला सगळा परिसर धर्माच्या दृष्टीनं एकच घर होतो. मग आया बाळं घेऊन बाहेर पडू शकतात. नगरपालिकेनं तारा काढायला लावल्या तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि २००१ साली कोर्टानं तारा राहू द्यायला सांगितलं. मी त्या तारेखाली बराच वेळ उभा होतो. माझ्या ओळखीचे सगळे उंबरठे माणसाला बाहेर ठेवायला घातलेले. हा एवढाच बायाबापड्यांना बाहेर सोडायला घातलेला, आणि ज्याला तो मान्य नाही त्याला तो दिसतही नाही.

लेनर्ड कोहेन हे यहुदी गायक-कवी मॉन्ट्रियलचेच. क्रेसंट रस्त्यावर एका उंच इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर त्यांचं चित्र आहे, २०१७चं. मुलीनं ते दाखवलं तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. घरी येऊन तिनं जे सांगितलं त्यानं मी चाट पडलो. हा यहुदी घरातला माणूस वर्षानुवर्षं कॅलिफोर्नियात झेन मठात भिक्षू म्हणून राहिला, आणि १९९९ साली मुंबईला आला तो रमेश बाळसेकरांच्या सत्संगाला. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियाचे निवृत्त प्रमुख. त्यांचे गुरू निसर्गदत्त महाराज, म्हणजे मारुती कांबळी, खेतवाडीत राहणारे, विडीचं दुकान चालवणारे, मराठीत बोलणारे. आणि त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे! माझ्या डेपोच्या गाड्या ज्या मुलखात फिरल्या तिथून निघालेलं काहीतरी मॉन्ट्रियलच्या गाणाऱ्यापर्यंत पोचलं, आणि मला ते तिथे जाऊन कळलं. निसर्गदत्तांच्या त्या माळ्यावरच्या खोलीला तिकीट नव्हतं, जातीची चौकशी नव्हती. म्हणजे दारच नव्हतं म्हणाल, तर तसंही नाही. नुसती चर्चा करायला आलेल्याला ते घालवून देत, असं सांगतात. कोहेन शेवटी यहुदीच राहिले. २०१६ साली गेले तेव्हा माउंट रॉयलच्या उतारावर, घराण्याच्या जागेत, साध्या लाकडी पेटीतून त्यांना पुरलं. इतक्या दारांतून जाऊन माणूस आपल्याच दारात परत आला, तर मधली दारं फुकट गेली का? मला तसं वाटत नाही.

आता शेवटचं ठिकाण. वेळ थोडा असेल तर बाकी सगळं गाळा आणि इथे जा. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर सेंट जोसेफची ऑरेटरी, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. मेट्रोनं कोत-दे-नेज किंवा स्नोडनला उतरून चालत जाता येतं. भला मोठा हिरवट घुमट लांबूनच दिसतो. आत जायला तिकीट नाही.

हे सगळं ज्याच्यामुळे उभं राहिलं तो माणूस दारवान होता. आल्फ्रेड बेसेट, जन्म १८४५, अनाथ, प्रकृतीनं किडकिडीत, सही करण्यापुरतं लिहिता येणारा. मठात त्याला ब्रदर आंद्रे हे नाव मिळालं आणि समोरच्या नोत्र-दाम कॉलेजात दारावरची नोकरी. कॉलेजात आलो तेव्हा मला दार दाखवण्यात आलं आणि चाळीस वर्षं मी तिथेच राहिलो, असा विनोद ते करायचे म्हणतात. दार उघडायचं, टपाल आणायचं, फरशी पुसायची, मुलांचे केस कापायचे. दारात येणारी आजारी माणसं त्यांच्याशी बोलत. ते सेंट जोसेफच्या दिव्यातलं तेल चोळायला सांगत, प्रार्थना करायला सांगत. लोक बरे होऊ लागले, निदान बरे झालो म्हणू लागले. गर्दी इतकी वाढली की मुलांचे पालक आणि डॉक्टर तक्रार करू लागले. मग वरिष्ठांनी सांगितलं, रोग्यांना कॉलेजात नको, समोरच्या ट्रामच्या थांब्यावर भेट.

ट्रामच्या थांब्यावर! मी हे वाचलं तेव्हा खुर्चीवरून उठलो. नियंत्रक म्हणून माझी उभी नोकरी थांब्यावर गेली. थांबा ही अशी जागा आहे की तिथे येणाऱ्याला कुणी 'का आलास' विचारत नाही. गाडीची वाट बघणारा, पावसापासून आडोसा शोधणारा, घरून भांडून आलेला, सगळे तिथे सारखेच दिसतात. मला खात्री आहे की त्या थांब्यावर बरे होण्यासाठी आलेले कोण आणि नुसती ट्राम पकडायला आलेले कोण, याची वर्गवारी आंद्रेबुवांनी केली नसणार. १९०४ साली उतारावर एक छोटं लाकडी देऊळ झालं. केस कापून मिळालेली चिल्लरही त्यात होती. आपले संत सेना न्हावी मला तिथे आठवले. १९३७च्या जानेवारीत आंद्रेबुवा गेले तेव्हा सुमारे दहा लाख माणसं थंडीत रांगेनं अंत्यदर्शनाला आली. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये पोपनी त्यांना संत घोषित केलं. मोठं मंदिर १९६७ला पुरं झालं, म्हणजे लोकांनी बाकं रिकामी केली त्याच वर्षांत. चर्चवर रुसलेलं शहर या दारवानावर रुसलं नाही.

आत एका दालनात भिंतीभर कुबड्या टांगल्यात. बरे झालेल्यांनी सोडून गेलेल्या. त्यातली प्रत्येक खरी का, हे मी विचारत नाही. त्यांचं हृदय काचेच्या पात्रात जपलंय, आणि १९७३ साली ते चोरीला गेलं होतं. १९७४च्या डिसेंबरमध्ये एका इमारतीच्या तळघरातल्या लॉकरमध्ये सापडलं. मधल्या काळात लोक येतच होते. आपल्या विठोबाची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि भानुदासांनी ती परत आणली अशी कथा आहे. तेव्हा रिकाम्या विटेसमोर कुणी हात जोडले असतील का, हे मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "जोडले नसते तर मूर्ती परत आणायला कोण गेलं असतं?"

रस्त्यापासून वर २८३ पायऱ्या आहेत. मधल्या ९९ लाकडी. त्या गुडघ्यांवर चढणाऱ्यांसाठी राखून ठेवल्यात, तशी पाटी आहे. चालत जाणाऱ्यांनी बाजूच्या पायऱ्या धरायच्या. रांगा लावणारा माणूस म्हणून मी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. मधली, सर्वांत चांगली वाट राखीव, पण पैसे भरणाऱ्याला नाही. देवाला माणसाचे गुडघे सोलवून काय मिळतं, हा माझा जुना प्रश्न आहे, लोटांगणाबद्दलही आहे, आणि त्याचं उत्तर मला तिथे मिळालं नाही. एक तरुण मुलगा, पाठीवर पिशवी, कानात गाण्याच्या नळ्या, तसा गुडघ्यांवर चढत होता. प्रत्येक पायरीवर थांबत होता. काय ऐकत होता कोण जाणे.

सौ.चे दोन्ही गुडघे बदललेले. डॉक्टरनं टेकायला मनाई केली आहे. ती बाजूच्या पायरीवर उभी राहिली, वाकून मधल्या लाकडी पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. नामदेव पायरीला लावतो तसा. तिथेही आपण पाय देत नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांची पायधूळ मिळावी म्हणून नामदेवांनी आत जागा न मागता ती पायरी मागितली. आणि समोर चोखोबा, ज्यांना मागायचीही सोय नव्हती. एक आपणहून दारात थांबलेला, एक थांबवलेला, आणि हा तिसरा, दारावर नेमलेला. तिघांचीही जागा तीच. मी वर चढेपर्यंत तेच घोकत होतो.

जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगायचं राहिलं की तिथे आडवारी जावं, पाण्याची बाटली न्यावी, आणि परत येताना ११ नंबरच्या बसनं डोंगरावरून यावं. आत मेणबत्त्या लावायच्या असतात. लहान-मोठ्या मेणबत्त्यांसमोर किंमत लिहिलेली असते आणि शेजारी फट असलेली पेटी. पेटीपाशी कुणी नसतं. सौ.नं पैसे टाकून एक लावली. मी जरा मागे खांबाला टेकून उभा राहिलो, कोण टाकतं आणि कोण नाही ते बघत. एका बाईनं मेणबत्ती लावली, पर्स उघडली, पुन्हा मिटली आणि गेली. थोड्या वेळानं दुसऱ्या कुणी मेणबत्ती न घेताच एक नोट आत सरकवली. मी हिशेब जुळवायला लागलो तोवर सौ.नं माझी बाही ओढली.

"अहो, चला. इथं तपासणी पथक येत नसतं."